लाल गोलातला माणूस

हॅलोमास्तर हे त्यांचं खरं नाव नव्हतं, पण खरं नाव विचारलं असतं तर शेजाऱ्यांनाही डोकं खाजवावं लागलं असतं. सभा असो, शाळेचं स्नेहसंमेलन असो, नाहीतर नव्या दुकानाचं उद्घाटन. मैदानात सगळ्यांच्या आधी त्यांचाच आवाज घुमायचा. "हॅलो, हॅलो... शेवटच्या रांगेत येतंय का ऐकू?" त्यावरून कुणीतरी गमतीनं हॅलोमास्तर म्हटलं आणि ते जन्माचं चिकटलं. भोंगे, माइक आणि आवाजाचं मशीन भाड्यानं द्यायचा त्यांचा धंदा. दुकान म्हणजे रस्त्याकडेची एक लांबट खोली. पुढे टेबल-खुर्ची, मागे छतापर्यंत रचलेले भोंगे, भिंतीवर खिळ्यांना अडकवलेली वायरची वेटोळी. वरच्या मजल्यावर घर. घरात ते, त्यांची बायको आणि बायकोचा धाकटा भाऊ.

बायको औषधांच्या कारखान्यात कामाला होती. पट्ट्यावरून गोळ्यांची पाकिटं सरकत यायची, त्यातलं एखादं रिकामं राहिलेलं पाकीट हेरून बाजूला काढायचं, हे तिचं काम. वर्षानुवर्षं तेच केल्यामुळे तिची नजर अशी तयार झाली होती की घरात काही लपवायची सोय नव्हती. मेव्हणा लग्नाचं वय उलटून गेलेला, स्वभावानं भाबडा, पण मशीनवर बसला की राजा. त्याला वेड एकच, सिनेमातली एक नटी. तिचा भला मोठा फोटो त्याच्या खोलीत भिंतीवर होता आणि बहीण त्यावरून त्याची टर उडवायची. "भावजय पसंत आहे हो मला. फक्त तिला सांगून ठेव, भांडी आळीपाळीनं घासावी लागतील."

तर ज्या सभेत ते मोठे पुढारी मारले गेले, त्या सभेला भोंगे हॅलोमास्तरांचे होते.

निवडणूक जवळ आली होती आणि या खेपेला राज्य त्यांच्याच हाती जाणार, असं विरोधकसुद्धा खासगीत कबूल करत. सभेला ती नटीही येणार होती. भिंतींवरच्या कागदांवर पुढाऱ्यांच्या शेजारी तिचाही चेहरा छापला होता. दोघांबद्दल कुजबुज आधीपासूनच होती, त्यामुळे अर्धी गर्दी भाषणाला आणि अर्धी त्या दोघांना शेजारी शेजारी बसलेलं बघायला आली होती. मेव्हण्यानं तर नवा शर्ट घातला होता.

पुढाऱ्यांची बोलायची एक तऱ्हा होती. सुरुवात अगदी हळू, घरात बसून बोलावं तशी. मग मध्येच चष्मा काढून समोर ठेवायचे आणि एकदम गरजायचे. चष्मा उतरला की भोंगे किंचाळणार, हे मास्तरांना आधीच्या सभांवरून ठाऊक झालं होतं. म्हणून ते व्यासपीठाच्या पायरीपाशी उभे राहायचे. चष्म्याकडे हात गेला रे गेला की स्वतःचा हात उंच करायचे आणि पंजा खाली दाबायचे. मागे मशीनवर बसलेला मेव्हणा ते बघून आवाज उतरवायचा. त्या दोघांचं ते इतकं अंगवळणी पडलं होतं की त्याबद्दल कधी बोलायचीही वेळ आली नव्हती.

त्या दिवशी नटी आली नाही. तिची खुर्ची रिकामीच ठेवून भाषण सुरू झालं. पुढाऱ्यांनी चष्मा काढला. मास्तरांनी हात वर केला. आणि तेवढ्यात पुढच्या रांगेतून एक माणूस उठला.

पहिला बार मास्तरांना भोंगाच फाटल्यासारखा वाटला. दुसऱ्याला पुढारी खाली बसले, अगदी दमून बसावं तसे, आणि मग आडवे झाले. रक्षकांनी त्या माणसाला जागच्या जागी गोळ्या घातल्या. भोंगे मात्र चालूच होते. रडणं, किंकाळ्या, कुणीतरी "गाडी आणा, गाडी आणा" म्हणत होतं, ते सगळं मोठं होऊन मैदानभर फिरत होतं. मास्तरांनी धावत जाऊन माइकची वायर उपटली, तेव्हा कुठे लोकांना खरी शांतता म्हणजे काय ते कळलं, आणि ती आवाजापेक्षा वाईट होती.

पोलिसांनी सगळ्यांचेच जबाब घेतले, तसे यांचेही घेतले आणि सोडून दिलं.

मारेकरी मेला होता. कोण होता, कुठला होता, हे कळलं. पण त्यानं हे का केलं ते सांगायला तो उरला नव्हता. मग ते सांगायचं काम लोकांनी वाटून घेतलं. रस्त्यापलीकडे केस कापणाऱ्याचं दुकान होतं. तिथे रोज नवी बातमी शिजायची. नटीला आधीच कळलं होतं म्हणून ती आली नाही. नटीच्या पोटात त्यांचं मूल होतं. नटीनं दुसऱ्या पक्षाच्या माणसाशी गुपचूप लग्न केलं होतं. मेला तो पुढारी नव्हेच, त्याचा तोतया होता आणि खरा तिच्याबरोबर परदेशात मजेत आहे. केस कापणारा कुठल्याच बातमीला नाही म्हणायचा नाही. कात्री चालवत सगळ्या ऐकायचा आणि पुढच्या गिऱ्हाइकाला थोडी फोडणी देऊन वाढायचा.

मास्तरही तिथे बसायचे. आणि का बसू नये? त्या सभेत प्रत्यक्ष हजर असलेला माणूस म्हणून त्यांना मान होता. एकदा बोलता बोलता त्यांनी सांगितलं, की एका सभागृहाच्या उद्घाटनाला त्या दोघांना त्यांनी जवळून बघितलं होतं. माइक बंद होता, पुढारी तिच्याकडे वाकून काहीतरी बोलले आणि ती हसली.

"काय बोलले?" केस कापणाऱ्यानं कात्री थांबवली.

"काही विशेष नाही. उकाड्याबद्दल होतं काहीतरी."

"उकाड्याबद्दल!" तो आरशातून सगळ्यांकडे बघत म्हणाला. "वा!"

थोड्याच दिवसांनी एका अनोळखी गिऱ्हाइकानं खुद्द मास्तरांनाच कानाशी लागून सांगितलं, की एका माइकवाल्यानं स्वतःच्या कानांनी ऐकलंय, पुढारी नटीला म्हणत होते, बायकोला सोडतो, थोडी कळ काढ. मास्तरांनी घरी येऊन ते बायकोला सांगितलं आणि दोघं पोट धरधरून हसली. मेव्हणा तेवढा हसला नाही. जेवण अर्धवट टाकून उठला.

आणि मग एके दिवशी ती चित्रफीत आली.

मास्तर दाढीला बसले होते. एक गाल झाला होता, दुसऱ्यावर साबण होता. केस कापणाऱ्याचा फोन वाजला. त्यानं तो बघितला, पुन्हा बघितला, आणि वस्तरा खाली ठेवला.

"मास्तर, हा हात तुमचाच ना?"

फोनवर सभेचं चित्र होतं, कुणीतरी गर्दीतून घेतलेलं. ते मुद्दाम हळू केलं होतं आणि पाठीमागे भयपटातलं असावं तसं संगीत लावलं होतं. पुढारी चष्मा काढतात. पायरीपाशी उभा असलेला एक माणूस हात वर करतो. तिथे चित्र थांबतं आणि त्या हाताभोवती एक लाल गोल येतो. मग पुढच्या रांगेतला माणूस उठतो. खाली अक्षरं येतात: इशारा कुणी केला?

"अरे, तो आवाज कमी करायचा..." मास्तर उठू लागले, तसा साबण गळ्यावरून शर्टात उतरला.

"मी कुठं काय म्हणतोय?" केस कापणारा म्हणाला. "मी आपला विचारतोय." पण त्यानं वस्तरा लगेच उचलला नाही. उचलला तेव्हा उरलेला गाल एकही शब्द न बोलता केला. इतक्या वर्षांत त्या दुकानात एवढा मुका गाल कधी झाला नव्हता.

त्यानंतर तो लाल गोल घरोघर गेला. पायरीपाशी उभ्या माणसाचं नाव, गाव, धंदा सगळं बाहेर आलं. ज्या सभागृहाच्या उद्घाटनाला मास्तरांनी त्या दोघांना हसताना बघितलं होतं, तिथला एक फोटोही कुणीतरी उकरून काढला. त्यात नटी माइकपाशी उभी होती आणि मास्तर वाकून माइकची उंची सारखी करत होते. झालं! नटी आणि माइकवाला यांची जुनी ओळख. तिनं कट रचला, यानं इशारा केला. मास्तरांनी समजावून सांगितलं, की हात वर करून पंजा दाबायचा म्हणजे आवाज उतरवायचा, हा आमचा नेहमीचा इशारा. हे ऐकून काही लोक गप्पही झाले. पण कुणा हुशार डोक्यानं मूळ ध्वनिफीत मिळवली आणि सवाल टाकला: इशारा जर आवाज कमी करायचा होता, तर आवाज कमी का झाला नाही?

मास्तरांनी ती फीत लावून ऐकली. दुकानाचं दार ओढून घेऊन पुन्हा पुन्हा ऐकली. लोकांचं बरोबर होतं. चष्मा उतरल्यावर पुढारी गरजले ते तसेच, कानाचे पडदे फाडत. भोंगा किंचाळला. आवाज तसूभरही उतरला नव्हता.

इतके दिवस त्या गोंधळात ही गोष्ट त्यांच्या डोक्यातच आली नव्हती. आणि आता आली ती जायला तयार होईना.

मेव्हणा मागच्या बाजूला वायर गुंडाळत होता.

"मी हात केला तेव्हा तू कुठं होतास?"

"कुठं म्हणजे? मशीनवर."

"मग आवाज का नाही उतरवलास?"

"लक्ष नसेल, भाऊजी. गर्दी किती होती." त्यानं मान वर केली नाही. वायर मात्र उलटी गुंडाळली गेली आणि त्याला ती पुन्हा सोडावी लागली.

 त्या दिवसापासून मास्तर मेव्हण्यावर पाळत ठेवू लागले. स्वतःच्या घरात, स्वतःच्या ताटाशेजारी बसणाऱ्या माणसावर! फोन आला की हा गॅलरीत का जातो? नटीची बातमी लागली की उठून का जातो? कुणी न सांगता तिचा फोटो भिंतीवरून कधी उतरला? भिंतीवर फिकट चौकोन राहिला होता. मास्तर त्याच्या खोलीत काही ना काही निमित्त काढून जायचे आणि त्या चौकोनाकडे बघत उभे राहायचे. सभेच्या आधी मेव्हणा कुणाला भेटला होता? तो नवा शर्ट कुठून आला होता? बाजारातून आला होता, मास्तर स्वतः बरोबर होते. तरीसुद्धा प्रश्न पडायचाच. रात्रंदिवस लोक आपल्याबद्दल जसा विचार करत होते, अगदी तसाच विचार आपण करतोय, हे त्यांना कळत होतं आणि थांबवता येत नव्हतं.

धंदा बसला. शाळेनं स्नेहसंमेलनाचे भोंगे दुसऱ्याकडून नेले. एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकानं मात्र काम दिलं आणि निघताना खांद्यावर हात ठेवून हळूच विचारलं, "आता मला सांगायला हरकत नाही. कुणाचा हात होता यामागं?"

बायकोच्या कारखान्यात बायका तिच्या शेजारी डबा खायला बसेनाशा झाल्या. तिनं घरी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. पण एका दुपारी सुट्टीच्या दिवशी दोघं मिळून चादरीच्या घड्या घालत होती. दोन टोकं तिच्या हातात, दोन यांच्या. चादर मध्ये ताणलेली असताना ती म्हणाली, "अहो, एक विचारू? रागावणार नसाल तर."

"विचार की."

"तुम्ही हात का वर केला होता?"

मास्तरांना आधी वाटलं, ती थट्टा करतेय. मग त्यांनी तिच्याकडे बघितलं. पट्ट्यावरून सरकत येणाऱ्या पाकिटांकडे ती बघत असेल, तशी ती त्यांच्याकडे बघत होती. हे रिकामं आहे की भरलेलं?

"तुलासुद्धा सांगायचं?" ते म्हणाले.

"मला ठाऊक आहे सगळं. फक्त तुमच्या तोंडून ऐकायचंय. आवाज उतरला का नाही मग?"

"ते तुझ्या भावाला विचार," असं जिभेवर आलं होतं. त्यांनी ते गिळलं आणि चादरीची टोकं तिच्या हातात देऊन खाली दुकानात निघून गेले. त्या दोघांच्या संसारात भांडणं झाली नव्हती असं नाही, पण चादर अर्धी घडी घालून टाकून ते कधी गेले नव्हते.

सरकारनं चौकशी आयोग नेमला. निवृत्त न्यायाधीश, एक मोठी थंड खोली, भिंतीशी बाकांवर बसलेले वार्ताहर. मास्तरांची साक्ष झाली. जन्मभर माइकपुढे बोललेला माणूस, पण तिथे प्रत्येक वाक्य त्यांना दोनदा सुरू करावं लागलं. हाताची खूण करून दाखवायला सांगितली, तर हात खांद्याच्या वर जाईना. खोलीत खसखस पिकली. न्यायाधीशांनी शांतपणे विचारलं, "मशीनवर कोण होतं?" मास्तरांनी मेव्हण्याचं नाव सांगितलं. न्यायाधीशांनी ते लिहून घेतलं आणि त्याला दुसऱ्या दिवशी बोलावलं.

संध्याकाळी मास्तर घरी परतले ते थेट दुकानाच्या मागच्या बाजूला गेले. मेव्हणा भोंग्यांच्या मध्ये एका लाकडी खोक्यावर बसला होता.

"उद्या तुला बोलावलंय," मास्तर म्हणाले. "तिथं काय सांगायचं ते सांग. पण आधी मला सांग. तू त्यांच्यात होतास का?"

मेव्हण्यानं एकदम वर बघितलं. "कुणाच्यात?"

"ज्यांनी मारलं त्यांच्यात!"

"भाऊजी!" तो उभाच राहिला. त्याचा चेहरा असा झाला की मास्तरांना आपल्या प्रश्नाची लाज वाटली. "मी... मी मशीनवर नव्हतोच हो. मी मागच्या दाराशी गेलो होतो. ती येते का बघायला."

"कोण ती?"

"ती." आता तो नटीचं नावही घेईना. "भाषण सुरू झालं, खुर्ची रिकामी होती. म्हटलं एक मिनिट जाऊन येतो. आणि ती आली, भाऊजी. गाडी आली. काच खाली झाली. मला, मला विचारलं तिनं, भाषण सुरू झालं का? मी म्हटलं, हो, झालं. मग तिनं ड्रायव्हरला काहीतरी सांगितलं आणि गाडी वळून निघून गेली. मी धुळीकडे बघत उभा होतो, तेवढ्यात बार झाले."

मास्तर खोक्यावर बसले. म्हणाले, "हे तू पोलिसांना का नाही सांगितलंस?"

"कसं सांगणार? आली आणि बार व्हायच्या आत परत फिरली! हे बाहेर पडलं तर लोक फाडून खातील तिला. आत्ता निदान ती आलीच नाही एवढंच म्हणतात." तो खालच्या आवाजात पुढे म्हणाला, "आणि खरं सांगू? मलाच कळत नाही, ती का परतली. रोज तेच डोक्यात येतं. म्हणून तो फोटो काढला. तिच्याकडं बघवेना."

जिन्यावर चाहूल लागली. बायको मधल्या पायरीवर उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती खाली आली आणि भावाच्या समोर उभी राहिली.

"म्हणजे त्या बाईला कुणी बोल लावू नये म्हणून तू गप्प बसलास. आणि यांना जग बोल लावत होतं तेव्हा?"

"ताई, मला वाटलं, थांबेल सगळं आपोआप."

"मी यांना विचारलं रे," ती म्हणाली आणि तिचा आवाज फुटला. "मी! माझ्या नवऱ्याला विचारलं, हात का केला म्हणून. तू वरती खोलीत बसला होतास तेव्हा."

 बायकोनं हाताला सापडलेल्या पुसायच्या फडक्यानंच तोंड पुसलं आणि फर्मान सोडलं. "उद्या जाऊन सांगायचं, मी जागेवर नव्हतो. का नव्हतास, तेही सांगायचं."

"आणि ती दिसली का म्हणून विचारलं तर?"

बायको "खरं ते सांग" म्हणाली. पण मास्तरांच्या डोळ्यांपुढे केस कापणाऱ्याचं दुकान आलं. उकाड्यावरच्या एका वाक्याचं काय झालं होतं, ते त्यांनी बघितलं होतं. गाडी वळली, या वाक्याचं काय होईल? ते म्हणाले, "ते तुझं तू ठरव." पुढे कितीतरी वेळा त्यांना वाटलं, की हे शब्द आपण बोललो नसतो तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी मेव्हण्यानं साक्षीत सांगितलं, की भाऊजी हात करतात तो आवाज उतरवायलाच. पण त्या वेळी मी जागेवर नव्हतो, नटीला बघायला मागच्या दाराशी गेलो होतो. खोली हसली. वार्ताहरही हसले. न्यायाधीशांनी विचारलं, "मग दिसल्या का?"

"नाही, साहेब," मेव्हणा म्हणाला. "आल्याच नाहीत."

अहवाल आला. मारेकरी एकटाच होता, कटाचा पुरावा नाही. अहवालावर कुणी विश्वास ठेवला नाही, पण माइकवाल्याच्या बाबतीत लोक थोडे निवळले. वेडा मेव्हणा नटीमागे पळाला, ही गोष्ट कटापेक्षा चविष्ट होती. हळूहळू कामं येऊ लागली. शाळाही परत आली. बायकोच्या शेजारी डब्याला पुन्हा कुणीतरी बसू लागलं. नटीचं मात्र झालं ते झालंच. तिचे सिनेमे थांबले, ती शहर सोडून गेली, आणि लोकांनी त्यातूनही अर्थ काढला, की निर्दोष असती तर गेली असती का?

वर्षं गेली. एका संध्याकाळी तिघं जेवत होती आणि टीव्हीवर ती दिसली. केस पिकलेले, अंगात साधा स्वेटर. एका वार्ताहराशी ती पहिल्यांदाच त्या दिवसाबद्दल उघडपणे बोलत होती.

"मी गेले होते," ती म्हणाली. "उशीर झाला होता. मागच्या दाराशी गाडी नेली, तर तिथं एक माणूस उभा होता. त्यानं सांगितलं, भाषण सुरू झालंय, इकडून आता सोडणार नाहीत, पुढून जा. म्हणून आम्ही गाडी वळवली. वळसा घालून पोहोचेपर्यंत लोक धावत सुटले होते. मी हे आयोगाला बंद पाकिटातून लिहून कळवलं. पण दाराशी होतो म्हणणाऱ्या त्यांच्या साक्षीदारानं मी आलेच नाही असं सांगितलं, म्हणून ते धरलं नाही. मला वाट सांगणारा तोच की दुसरा कुणी, देव जाणे. त्याला खरं सांगायला काय झालं होतं, हे मला आजवर कळलेलं नाही. कधी कधी वाटतं, त्याला तिथं कुणी मुद्दाम उभं केलं होतं का?"

घास तिघांच्याही हातात राहिला.

"तू तिला पुढून जा म्हणालास?" मास्तरांनी विचारलं.

"नाही!" मेव्हणा म्हणाला. मग, "म्हणजे, मला आठवत नाही. मी फक्त हो, झालं, एवढंच म्हणालो. तीच खोटं सांगतेय, नाहीतर..."

"नाहीतर काय?"

"मी तिला बघून गडबडलो होतो, भाऊजी. काय बोललो असेन, कुणाला ठाऊक."

बायको ताट बाजूला सारून उठली. टीव्ही बंद केला. "जे ठाऊक आहे ते तरी सांग जाऊन," ती भावाला म्हणाली. "ती आली होती, एवढं तरी."

तो गेला. तिच्याशी बोललेल्या त्या टीव्हीच्या वार्ताहरालाच भेटला आणि सांगितलं, की दाराशी उभा असलेला माणूस मीच. ती आली होती हे खरं. आयोगापुढं मी खोटं बोललो. नटीला ते कळलं असणारच, पण तिच्याकडून काही निरोप आला नाही. मेव्हणा बरेच दिवस फोन उशाशी घेऊन झोपत असे. लोकांनी मात्र निरोप भरपूर पाठवले. इतकी वर्षं गप्प बसलेला माणूस आताच का बोलला? कुणी बोलतं केलं? तिला पुढच्या दारानं पाठवून वेळ कुणासाठी काढला? जुनी चित्रफीत पुन्हा फिरू लागली. आता तिच्यात लाल गोल मशीनच्या मागच्या रिकाम्या खुर्चीभोवती होता.

मास्तरांनी मेव्हण्याची बाजू सोडली नाही. दुकानात येऊन कुणी तोंड घातलं तर ते त्याला सरळ बाहेरची वाट दाखवायचे. केस कापणाऱ्याशीही एकदा चांगलीच जुंपली. पण घरी जेवताना कधी कधी त्यांची नजर मेव्हण्यावर जाऊन थांबायची. एवढी मोठी गोष्ट माणूस विसरतो? पुढून जा म्हणाला की नाही म्हणाला? आणि म्हणाला असेल, तर कुणाच्या सांगण्यावरून? ते स्वतःला दटावायचे, दुसरा विषय काढायचे. मेव्हण्याला ती नजर कळायची. तो पाण्याचा तांब्या उचलून आत जायचा.

त्या वर्षाअखेर मास्तरांनी एक नवं, लहान मशीन घेतलं. ते व्यासपीठाच्या पायरीपाशी स्टुलावर ठेवता येत होतं. समोर बघत बघत आपल्याच बोटांनी आवाज चढवा, उतरवा. मेव्हण्याला त्यांनी वायर टाकायचं आणि भोंगे खांबांवर चढवायचं काम दिलं.

"वय झालं," ते बायकोला म्हणाले. "हात वर करून करून खांदा दुखतो."

बायकोनं त्यांच्याकडे बघितलं, मग खिडकीतून खाली बघितलं. मेव्हणा गाडीत भोंगे भरत होता, एकेकाखाली पोतं सारत, काळजीनं. "तेल लावून देते," ती म्हणाली आणि बाटली आणायला आत गेली.